कानामागची चकती

मिनीबसच्या स्टँडवर सकाळी पहिली गाडी भरायच्या आत एक आकडा जाहीर व्हायचा. थोरला काच पुसता पुसता फडकं खांद्यावर टाकायचा, बोनेटला टेकायचा आणि छाती काढून म्हणायचा, "काल आमच्या बारकीचा पॉइंट नऊ!"

स्टँडवर त्यातलं कोणाला ओ की ठो कळत नव्हतं. पण थोरल्याने इतक्या वेळा समजावलं होतं की टायरवाल्यालासुद्धा पाठ झालं होतं. एकच्या खाली म्हणजे वाहवा. एकच्या वर म्हणजे आज थोरल्याशी बोलू नका.

थोरला शिकला आठवीपर्यंत, तीही मास्तरांच्या कृपेने. पण बहिणीचं काम असं फोडून सांगायचा की शिकलेल्या माणसाने उभं राहून ऐकावं. "डोक्यात गाठ असली की आधी मोठ्या मशीनमध्ये आरपार फोटो काढतात. तो झाला नकाशा. ऑपरेशनच्या दिवशी माणूस टेबलावर येतो. तो झाला रस्ता. आता नकाशा रस्त्यावर तंतोतंत बसवायचा. मोबाईलमधला निळा ठिपका बघता ना? गाडी रस्त्यावर आणि ठिपका नाल्यात! तसं झालं तर डॉक्टरची सुरी नाल्यात जाईल. आमची बारकी तो ठिपका रस्त्यावर आणते. किती चुकलं ते मशीन मिलिमीटरमध्ये सांगतं. अख्ख्या हॉस्पिटलात एकच्या खाली आणणारी एकटी!"

"एकटी काय?" भोंग्या मागून विचारायचा. "मग परवा एक पॉइंट तीनला तोंड कुठल्या डिकीत लपवलं होतंस?"

अख्खा स्टँड हसायचा. थोरल्याचे कान लाल व्हायचे, पण भोंग्याला उत्तर द्यायची कोणाची टाप नव्हती.

भोंग्या म्हणजे स्टँडचा पुकाऱ्या. गाड्या भरून देणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी त्याच्याकडे फक्त तोंड होतं. "ए चलाऽ गिरणी-पूल-कोर्ट-दवाखाना-टाकी-आगाऽर!" एका दमात. मधेमधे प्रत्येकाला काहीतरी चिकटवायचा. "कोर्टवाले पुढे बसा, बायकोशेजारी बसू नका!" "टाकीवाले, आंघोळ करून आलात का तिकडेच करणार?" लोक शिव्या घालत चढायचे, पण चढायचे. नावं ठेवण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लंगडणाऱ्या ड्रायव्हरला त्याने 'दीडपाया' केलं. टायरवाल्याची बायको घर सोडून गेली त्या आठवड्यात त्याला 'पंक्चर' केलं. ही नावं इतकी घट्ट बसली की त्या माणसांची पोरंबाळंही त्यावरून ओळखली जायची. स्वतःच्या बायकोला तो चारचौघांत 'सायलेन्सर' म्हणायचा. ती लॉंड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि फार कमी बोलायची, म्हणून.

एका बारकीलाच तो सोडायचा. ती रोज थोरल्याच्या गाडीने कामाला जायची. गाडी सुटताना तो तिच्यासाठी 'दवाखाना'वर मुद्दाम थांबायचा. "गिरणी-पूल-कोर्ट-दवाखानाऽऽ! कवट्या जुळवणाऱ्या बाई बसल्यात, धक्के मारू नका, त्यांचे हात हलले तर तुमचं डोकं जाईल!"

बारकी खिडकीकडे तोंड करून हसायची.

जुळवणं तिच्या हातात लहानपणापासून होतं. आई शर्ट शिवायची, आणि चौकड्याचं कापड आलं की दोन्ही बाजूंच्या रेघा शिवणीवर जुळायला हव्यात हा आईचा हट्ट. टाचण्या लावायला बारकी. चौकडा असा बसवायची की शिवण कुठे आहे हे बोटाने चाचपून बघावं लागे. पुढे ती एक्स-रेचा कोर्स शिकली, तिथून ऑपरेशनच्या खोलीत गेली. ही पोरगी मोठ्या डॉक्टरांच्या शेजारी उभी राहते, आणि तिने आकडा सांगितल्याशिवाय तिथे सुरी उचलत नाहीत, हे थोरला लग्नाला गेला तरी सांगायचा आणि मयताला गेला तरी सांगायचा.

त्या खोलीत आकडा मोठ्याने सांगायची पद्धत होती. सगळी तयारी झाली की मोठे डॉक्टर विचारायचे, "किती?" बारकी सांगायची. एकच्या खाली असला की सिस्टर ट्रेवर चिमटा वाजवायची, टण्! भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "चला, आज लवकर सुटू." आणि संध्याकाळी बारकीने घरात पाय ठेवला की तिने चपला काढायच्या आत थोरला विचारायचा, "किती?"

एकच्या वर असला तर तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा.

"अरे, माणूस बरा झाला ना?" आई म्हणायची.

"माणसं सगळ्यांचीच बरी होतात," थोरला आतून ओरडायचा. "आकडा सगळ्यांना येत नाही!"

असं सगळं चाललं असताना भोंग्या पडला. गाडीच्या पायरीवर लटकून पुकारत होता. 'कोर्ट' म्हणाला आणि तिथेच अडकला. कोर्ट, कोर्ट, कोर्ट. हात सुटला, रस्त्यावर पडला आणि थडाथडा उडायला लागला. लोकांना आधी वाटलं नवीन सोंग काढलंय. दीडपाया तर टाळ्या वाजवत होता. तोंडातून फेस आला तेव्हा कुठे थोरल्याने त्याला उचलून गाडीत घातलं आणि मधे एकही स्टॉप न घेता दवाखान्यात नेलं.

गाठ निघाली. डाव्या कानाच्या वर, जरा मागे. मोठ्या डॉक्टरांनी फोटो लावून सरळ सांगितलं. गाठ काढावीच लागेल, नाहीतर झटके वाढत जातील आणि एखादा शेवटचा असेल. शब्दांची जागा तिच्या शेजारीच आहे. मधे गव्हाच्या दाण्याएवढं अंतर आहे. तेवढं पुरेसं आहे, पण त्याच्या पलीकडे गेलं तर बोलणं जाईल.

भोंग्या त्या संध्याकाळी थोरल्याच्या घरी येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं गप्प होता.

"हात गेला तर चालेल," शेवटी म्हणाला. "पाय गेला तर दीडपायाच्या शेजारी बसेन. पण तोंड गेलं तर माझ्यात उरतं काय? नुसता पत्रा."

"काय बोलतोस!" थोरला उसळला. "जुळवणार कोण आहे? आमची बारकी! पॉइंट आठ आणेल. लिहून देऊ?"

"तू लिहून देणार? आठवी नापास?"

"आठवी पास! नववी सोडली!"

भोंग्या हसला आणि बारकीकडे वळला. "बारके, माझं तोंड तेवढं सांभाळ. बाकी डोकं उरलंच तर तुझ्या दादाला दे, त्याला गरज आहे."

"सांभाळते," बारकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने स्टँडवर जाहीर करून टाकलं. भोंग्याचा आकडा पॉइंट आठ येणार! पंक्चर म्हणाला, येत नाही. मग पैज नाही, काही नाही, नुसतं तोंडातोंडी पेटलं. थोरला म्हणाला, एकच्या वर आला तर ही गाडी या स्टँडवर लावणार नाही.

संध्याकाळी बारकीला हे कळलं. "दादा, असं कशाला बोललास?"

"का? येत नाही का तुला?"

ती भांडी उचलून आत गेली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बारकीने भोंग्याच्या डोक्याला चकत्या चिकटवल्या. मधे भोक असलेल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या. फोटोत त्या पांढऱ्या दिसतात, आणि टेबलावर सळईचं टोक एकेका चकतीच्या भोकात टेकवलं की मशीनला कळतं, नकाशातली ही जागा म्हणजे डोक्यावरची ही जागा. आठ चकत्या. कपाळावर, कानशिलांवर, टाळूच्या पुढच्या बाजूला मिळून सात. आठवी डाव्या कानाच्या मागे, गाठीच्या सगळ्यात जवळ.

"ही कशाला इथे?" भोंग्याने विचारलं. "इथे तर कोणाला दिसतही नाही."

"हीच महत्त्वाची," बारकी म्हणाली.

सकाळी भूल दिली. डोकं उजवीकडे वळवून शिकंज्यात घट्ट केलं, तीन बाजूंनी तीन खिळे. कॅमेरा वर, सळई बारकीच्या हातात. एकेक चकती टेकवत गेली. कपाळ, कानशील, टाळू, आणि शेवटी कानामागची. पडद्यावर आकडा आला.

दोन पॉइंट तीन.

परत टेकवल्या सगळ्या. दोन पॉइंट दोन.

झालं काय होतं ते बघा. शिकंज्याचे खिळे आवळले की डोक्याची कातडी ओढली जाते, गादीवरची चादर कोपऱ्यात खोचली की ताणली जाते तशी. पुढची कातडी ओढली गेली आणि तिच्यावरच्या सातही चकत्या तिच्याबरोबर एकाच बाजूला सरकल्या. कानामागची कातडी घट्ट, तिथली चकती जागच्या जागी राहिली. सात चकत्या एकमुखाने एक सांगत होत्या. आठवी एकटी वेगळं सांगत होती, आणि खरं तीच सांगत होती. पण पडद्यावर हे असं दिसत नाही. पडद्यावर सात हिरव्या दिसतात आणि एक लाल.

लाल चकती वगळायची सोय मशीनमध्ये असते. एखादी सुटते, सरकते, घामाने निघते, म्हणून. या कामातली माणसं ती रोज वापरतात, आणि वगळली की आकडा खाली येतो हे प्रत्येकाला माहीत असतं. त्या खोलीबाहेरचा माणूस असता तर म्हणाला असता, अरे, जी गाठीजवळ आहे तीच कशी काढता? पण ज्याला आकड्याची सवय लागली त्याला लाल रंग सहन होत नाही.

बारकीने बोट ठेवलं. चकती करडी झाली. आकडा बदलला.

पॉइंट आठ.

पुढचं तिने नंतर आईला सांगितलं. आकडा बघितल्यावर तिला आधी भोंग्या आठवला नाही. थोरला आठवला, बोनेटला टेकलेला.

"किती?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"पॉइंट आठ."

टण्! सिस्टरने चिमटा वाजवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा! बक्षीस पाहिजे."

मोठ्या डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. "ती मागची करडी का?"

"सरकलीय वाटतं. काढली."

"बरं." त्यांनी सळई घेतली, कपाळावर टेकवून बघितली, बरोबर. कानशिलावर, बरोबर. ओढल्या गेलेल्या कातडीवर टेकवली तर बरोबरच येणार. मागे कापड अंथरून झालं होतं, तिथे टेकवून बघितलंच नाही. "चला."

गाठ निघत होती. दोनेक तासांनी मोठे डॉक्टर थांबले. हाताखाली जे लागत होतं आणि पडद्यावर जे दिसत होतं ते त्यांना पटेना. "मधला स्कॅन घ्या," म्हणाले. टेबलाभोवती फिरणारं मशीन आणलं, फोटो काढला, आणि बारकीने तो कालच्या फोटोवर चढवला. कालचा करडा, आजचा नारिंगी. नीट जुळलं तर दोन्हीची मिळून एकच कवटी दिसते.

पुढच्या बाजूला कड जुळत होती. मागे कानाकडे जाताजाता रेघ फाटली. एक करडी कड आणि तिच्या बाहेर एक नारिंगी. आईने हातात धरला असता तर उसवून फेकला असता असा चौकडा. दोन रेघांमधलं अंतर काडीच्या गुलाएवढं होतं, आत खोल जाऊन ते दुप्पट झालं होतं. आणि डॉक्टरांची सुरी करड्या रेघेवर विश्वास ठेवून फिरली होती.

यंत्राचं टुक टुक तेवढं चालू होतं.

"कुठली काढली होतीस?" मोठ्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"कानामागची."

"परत घाल."

तिने घातली. दोन पॉइंट दोन. त्या आकड्यावर त्यांनी उरलेलं काम पूर्ण केलं. बारकी सळई धरून उभी होती. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "बस जरा." ती बसली नाही.

भोंग्या शुद्धीवर आला तेव्हा खाटेशेजारी त्याची बायको होती, थोरला होता आणि पायाशी बारकी.

"नाव सांगा तुमचं," डॉक्टर म्हणाले.

भोंग्याने डोळे उघडले. ओठ हलवले. सगळ्यांकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "गिरणी-पूल-कोर्ट-दवाखाना-टाकी-आगाऽर."

थोरला एवढ्या मोठ्याने हसला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकला. "आला! आला आमचा भोंग्या! वहिनी, बघा, पहिल्या गाडीला तयार!" त्याने बारकीच्या पाठीवर थाप मारली. "पॉइंट आठ!"

"हे काय आहे?" डॉक्टरांनी पेन समोर धरलं.

"गिरणी," भोंग्या म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याने पेनकडे बोट केलं, मान जोरात हलवली. "गिरणी-पूल-कोर्ट-" हात आपटला. "दवाखाना-टाकी-आगार. आगार. गिरणी-"

सुरू झालं की शेवटापर्यंत जायचं. मधे थांबता येत नव्हतं, दुसरं काही येत नव्हतं. डॉक्टरांनी नंतर समजावलं. जे माणसाने हजारो वेळा घोकलेलं असतं ते वेगळ्या जागी राहतं, ते वाचलं. शब्द शोधून काढायची जागा गेली. त्याला सगळं कळतं. समोर काय आहे ते माहीत आहे, त्याचं नाव तोंडात येत नाही.

थोरला तेव्हाही हसतच होता, फक्त आवाज बंद झाला होता.

मोठ्या डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं की हा धोका आधीच सांगितलेला होता. ते खोटं नव्हतं. जिन्यात त्यांनी बारकीला गाठलं. "मी विचारलं, तू सांगितलंस, मी बरं म्हटलं. दोघांचं आहे. पण मी उद्या चार माणसं बरी करीन आणि या पाचव्याला विसरेन. तू रोज त्याच्या स्टँडवरून येतेस. काय करायचं ते तू बघ." आणि खाली निघून गेले.

घरी येऊन तिने थोरल्याला सगळं सांगितलं. चकतीपासून दोन रेघांपर्यंत.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "आकडा किती आला होता?"

"दादा, मी काय सांगतेय?"

"मी विचारतोय तेवढं सांग. मशीनवर किती आला होता?"

"पॉइंट आठ."

"मग झालं तर. मशीन खोटं बोलतं का? भोंग्या बोलतो की नाही? बोलतो! उद्या स्टँडवर उभा करून दाखवतो."

"थोरल्या, नको रे," आई म्हणाली.

तो ऐकणारा नव्हता. टाके निघाले आणि त्याच आठवड्यात त्याने भोंग्याला अंघोळ घालून, टोपी चढवून स्टँडवर आणलं. आपल्या गाडीच्या पायरीवर उभं केलं. "ऐका रे! कोण म्हणत होतं तोंड गेलं?"

आणि भोंग्या पुकारला. "ए चलाऽ गिरणी-पूल-कोर्ट-दवाखाना-टाकी-आगाऽर!" जुना आवाज, जुनी फेक, तसूभरही कमी नाही. चार प्रवासी चढलेसुद्धा. थोरला कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघत होता.

पंक्चर पुढे आला. वर्षानुवर्षं त्याने त्या नावाला ओ दिली होती. "भोंग्या, माझं नाव काय रे?"

भोंग्याने त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत ओळख होती, ओठांवर जुनं हसू यायला लागलं होतं. "गिरणी-पूल-कोर्ट-दवाखाना-टाकी-आगार."

"काय म्हणाला? गिरणी? मी गिरणी?" लोक हसले. दीडपाया लंगडत आला. "आणि मी? माझे पाय किती रे?" "गिरणी-पूल-" "बायकोचं नाव सांग." "गिरणी-पूल-कोर्ट-" "आईचं सांग." मग कोणीतरी शोधून काढलं की त्याच्या तोंडासमोर टाळी वाजवली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. टाळ्या वाजायला लागल्या. एक संपली की दुसरी. भोंग्या थांबायला बघत होता. एका हाताने पायरीचा दांडा धरला होता, दुसऱ्याने ओठ दाबत होता, आणि बोटांच्या फटींतून पूल, कोर्ट, दवाखाना बाहेर पडत होते. पायजमा ओला झाला. तेव्हा तर स्टँड अक्षरशः लोळला.

थोरला पुढे झाला. त्याने आपला पंजा भोंग्याच्या तोंडावर घट्ट दाबला आणि दाबूनच धरला. भोंग्याचे डोळे बाहेर आले, पण आवाज बंद झाला. मग काय करणार होता तो? दुसरं काय सुचलं असतं कोणाला? पण त्या दिवसापासून स्टँडला दोन्ही कळा कळल्या. टाळी वाजवली की चालू, तोंड दाबलं की बंद.

बारकी वहिनींकडे गेली. त्या इस्त्री करत होत्या. भोंग्या कोपऱ्यात बसला होता, भिंतीकडे तोंड करून.

तिने उभ्याउभ्याच सांगितलं. काय केलं, का केलं. वहिनी शिव्या देतील, इस्त्री उगारतील, केस धरतील, या तयारीने आली होती.

वहिनींनी चादरीची घडी पूर्ण केली. "म्हणजे तू काढलीस ती, तुझ्या दादाने फुशारकी मारली म्हणून."

"हो."

"बरं." त्यांनी दुसरी चादर ओढली. "माझ्या भावाच्या लग्नात याने मांडवात मला उभं करून विचारलं होतं, सायलेन्सर, तुझ्यात कार्बन किती साठलाय? तीनशे माणसं हसली. माझी आई हसली. घरात रोज तेच." इस्त्री फिरत होती. "आता मी बोलते. काय वाट्टेल ते बोलते. आणि हा ऐकतो. सगळं कळतं त्याला, डॉक्टर म्हणाले ना? कळतंय ना रे?"

भोंग्याने मान वळवली नाही. खांदे तेवढे हलले.

"गिरणी-पूल," वहिनी त्याच्या आवाजात म्हणाल्या आणि हसल्या. "तू घाबरू नकोस, बारके. मी कोणाला काही म्हणणार नाही. तू तर माझं भलंच केलंस."

बारकी जिन्यात येऊन पायरीवर बसली. शिक्षा मागायला गेली होती, शाबासकी घेऊन आली.

तिने नोकरी सोडली नाही. सोडली असती तर लोक म्हणाले असते, बिचारी. पुढच्या ऑपरेशनला आठही चकत्या टेकवल्या. एक लाल. बोट वगळण्याच्या जागेवर गेलं, तिथून परत आलं.

"किती?"

"दोन पॉइंट एक."

चिमटा वाजला नाही. "काढ की ती लाल," सिस्टर म्हणाली, "मला पोराला आणायचंय."

"लाल गाठीजवळ आहे. शिकंजा सोडून परत लावावा लागेल. नाहीतर परत स्कॅन."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघून च्यक् केलं. मोठे डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोडा शिकंजा." अख्ख्या खोलीने तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि आमची बारकी सळई धरून ताठ उभी होती. पॉइंट आठ कोणीही आणेल. दोन पॉइंट एक एवढ्या मोठ्याने सांगायला छाती लागते.

सकाळी थोरला बोनेटला टेकला होता. रात्री त्याने विचारलं होतं, तिने सांगितलं होतं, आणि ताट घेऊन तो दुसऱ्या खोलीत गेला होता. "काल आमच्या बारकीचा पॉइंट सहा!" त्याने ठोकून दिलं.

"दोन पॉइंट एक," बारकी खिडकीतून म्हणाली.

"गप बस."

ती खाली उतरली. भोंग्या पायरीजवळ होता. तो तिथे रोज यायचाच, घरी बसवत नव्हतं. "दोन पॉइंट एक. आणि याच्या वेळचा पॉइंट आठ खोटा होता. एक चकती वेगळं सांगत होती, याच्या कानामागची, ती मी काढून टाकली. दादाच्या पॉइंट आठसाठी. याचं तोंड मी घालवलं."

मग दीडपाया म्हणाला, "म्हणजे चकतीने घात केला म्हणा!" आणि पंक्चर ओरडला, "ए चकती! चकतीची गाडी आली, डोकी सांभाळा!" नाव ठेवणारा मुका उभा होता, पण नाव ठेवायला त्याने शिकवून ठेवलेले पुष्कळ होते. दुपारपर्यंत बारकी चकती झाली, थोरला चकतीचा झाला, आई चकतीची आई झाली.

थोरला दोन दिवस गाडी घेऊन गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला. त्याने मागच्या काचेवर पेंटरकडून लाल रंगात हातभर अक्षरं काढून घेतली होती: चकती. गाडी आडवी लावली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि फडकं खांद्यावर टाकलं. "वाचा! ज्याला येत नाही त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्या! आहे कोणाच्या घरात अशी पोरगी, चारचौघांत सांगणारी?"

नव्हती. कोणाच्याच नव्हती.

बारकी खिडकीपाशी बसली. कोणीतरी टाळी वाजवली. भोंग्या तिच्या खिडकीखाली उभा राहून तिच्याकडे बघत पुकारायला लागला. गिरणी, पूल, कोर्ट. ती काचेला हात लावून बसली होती. चौथा शब्द जवळ आला तसे त्याचे डोळे ताणले, मानेच्या शिरा फुगल्या, तिथे तिच्यासाठी थांबायचं होतं हे त्याला माहीत होतं.

दवाखाना-टाकी-आगार.

पंक्चरने हसत त्याचं तोंड दाबलं, आणि गाडी सुटली.